माहितीपत्रक, चौथा मसुदा

साहेब म्हणाले, इतिहास असू दे, वास नको.
म्हणून पहिल्या ओळीतला नाफ्था मी खोडला.
उरलं ते असं:
ऐतिहासिक तेलनगरी, घणसोली,
ठाणे-बेलापूर रस्त्यापासून चार मिनिटांवर,
कार्यालयांना सलग मजले, कुटुंबांना दोन बाल्कन्या,
आणि मधोमध जपलेली जुनी चिमणी,
जिच्यावर आता रात्री निळे दिवे सोडतात.

आमच्या घरात तिला कुणी चिमणी म्हणत नसे.
फ्लेअर. दादा तर नुसतं 'ती'.
"आज ती खोकतेय," म्हणत शिफ्टवरून यायचे,
डबा मोरीत ठेवण्याआधी
गच्चीवर जाऊन पुन्हा बघून यायचे.
आई म्हणे, सवत परवडली असती,
ती निदान झोपली तरी असती.

तेव्हा इथे पुरता काळोख होतच नसे.
कॉलनीच्या भिंती रात्रभर नारिंगी.
त्या उजेडात मी बारावीची समीकरणं पाठ केली,
त्याच उजेडात देवकूबाय खाडीवरून निवट्यांची पाटी घेऊन यायची,
"धू बरी पोरी, पान्याव तवंग हाय."
तवंगात सात रंग असायचे.
हे कुठल्याच मसुद्यात नाही.

मग ती विझली.
त्या रात्री कॉलनीत एकालाही झोप लागली नाही,
आणि सकाळी प्रत्येकजण म्हणाला, छान लागली.

काल तांबोळी आले, नवरा-बायको आणि कडेवर मूल.
रेहानाला तळमजल्यावर बेकरीसाठी गाळा हवाय,
वर राहायला दोन खोल्या.
त्यांनी क्लबहाऊसबद्दल काही विचारलं नाही.
विचारलं, इथली माती तपासलीय का?
अहवाल माझ्या हातात होता. पान उलटताना
मला माझाच आवाज साहेबांसारखा ऐकू आला.

दादा माझा डबा द्यायला आले होते.
नमुना फ्लॅटच्या दारात चपला काढून
ते थेट खिडकीशी गेले, बोट तोंडात ओलं करून वर धरलं.
"पावसाळ्यात नैर्ऋत्य. दिवाळीनंतर पारसिकच्या डोंगराकडून.
बाळाला ही खोली नको, पलीकडची द्या.
भट्टीचा धूर मागच्या अंगाला काढा, कुणाच्या नाकात जायचा नाही."
तुम्हाला कसं ठाऊक, रेहाना म्हणाली.
"भोंगा झाला की वाऱ्याला आडवं पळायचं असतं, बाई.
बत्तीस वर्षं मी आधी वारा बघायचो, मग घड्याळ."

मूल त्यांच्या ओल्या बोटाकडे बघत राहिलं,
मग त्यानं स्वतःचं तोंडात घातलं.

गाळा त्यांनी घेतला. खोल्यांचं पुढच्या महिन्यात कळवतील.

रात्री मी एक ओळ वाढवली:
वारा तोंडपाठ असलेला माणूस
अजून याच पत्त्यावर राहतो.

साहेबांनी तिच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली,
खोडली नाही.
विचारलं, हे सुविधांमध्ये टाकायचं का?