उजवीकडचं उजवीकडे

योटेबोरीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
नदीपलीकडच्या गोदीत आता जहाजं बनत नाहीत,
काचेची ऑफिसं आहेत; तिथे यिल्वा
एका फेरीबोटीचं झाड उघडून बसली आहे.
मूळ वर, पानं खाली, असं संगणकातलं झाड:
बोट, बोटीत इंजिन, इंजिनात पंप,
पंपात झडप, झडपेत एक रबरी वॉशर,
आणि त्या वॉशरचा आकडा चुकलाय.
बावीस नव्हे, चोवीस.

पण इथे काही खोडता येत नाही.
भाषाच तशी. एकदा म्हटलं ते म्हटलं.
मग एका पानापायी
मुळापासून बोट पुन्हा बांधायची, प्रत्येक चुकीला?
पहिला आठवडाभर ती तेच करत होती.

शेवटी गुनवोरने तिला झिपर दाखवला.
उतर खाली, पण उतरताना
जे सुटतंय ते खिशात ठेव:
डावीकडची भावंडं, उजवीकडची भावंडं,
आणि कुणाच्या पोटातून आलीस ते.
पंपाशी उभी असशील तेव्हा
उरलेली बोट तुझ्या खिशात,
तुकड्यातुकड्यांनी, पण सगळी.

यिल्वाला आजोबा आठवले. आल्गोत,
याच गोदीत फिटर. रविवारी
जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून
मोटरबोटीचं इंजिन खोलायचे.
डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे,
निघालं त्याच क्रमाने.
"खोलता कुणालाही येतं," एवढंच बोलायचे.
आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवायचो.

तिने आकडा बदलला.
मग वर. झडप मिटली, पंप मिटला,
दोन्हीकडचे दात एकमेकांत बसत गेले
जॅकेटच्या चेनसारखे, पार गळ्यापर्यंत.
नवी बोट. म्हणजे नवे तुकडे पाचच,
वाटेवरचे. बाकी सारा संसार
जुन्या बोटीशी सामाईक.

आणि जुनी? तीही आहे,
बावीसचा वॉशर घेऊन, तशीच गळत,
जोवर कुणी तिचं मूळ धरून आहे तोवर.
आल्गोतच्या टेबलावर हे जमलं नसतं.
फाटका वॉशर ते खिडकीतून भिरकावायचे,
आजी खालून ओरडायची.

पाच वाजता गुनवोर निघाली. कोटाची चेन
छातीशी अडकली, अस्तर खाऊन बसली.
ती ओढत राहिली वर, वर, चिडून.
"आधी थोडी खाली घे," यिल्वा म्हणाली.