मलम

सिबियूत छपरांना डोळे आहेत.
खरंच. कौलांच्या मधे अर्ध्या मिटल्या पापण्यांच्या खिडक्या,
शेवटच्या तासाला पेंगणाऱ्या मास्तरीणबाईंसारख्या:
झोपल्या म्हणावं, तर मागच्या बाकावरचं सगळं दिसतंय.

त्यांच्याखालीच वेतुरियाबाईंनी किल्ली दिली
आणि विचारलं, एकटीच?
इतकं साधं.
पण तोंडून निघून गेलं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं,
रात्रीच्या रिक्षात, लॉजच्या काउंटरवर घोटवलेलं:
नाही, मिस्टर येतायत मागून.
गुडघा दुखतो ना त्यांचा.

थापेला पाय नसतात म्हणतात.
माझ्या थापेला नुसता गुडघा होता.

सकाळपर्यंत गल्लीला कळलं.
नेलूनं कोवरिगच्या गरम कड्यासोबत
दुसरं कडं पिशवीत सरकवलं, खसखस जास्त लावून.
साहेबांसाठी. पैसे? छे.
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कॉर्नेलनं
बिलाच्या पाठीवर नकाशा काढला,
खालच्या गावात पायऱ्या टाळून कसं उतरायचं त्याचा,
आणि वाटेतल्या प्रत्येक बाकावर फुली.
तिसऱ्या दिवशी नाव द्यावं लागलं.
भालचंद्र म्हटलं. का, कुणास ठाऊक.
कॉर्नेल दोनदा म्हणाला, बालचांद्रू, बालचांद्रू,
जसा एखादा जुना काटा कानाशी लावून बघावा.

रात्री भालचंद्रचं कडं मीच खायचे.
खसखस पलंगाच्या दोन्ही बाजूंना सांडायची.

मग मलम आलं.
घोडचेस्टनटचं, वेतुरियाबाईंनी स्वतः कढवलेलं,
जॅमच्या बाटलीत. लेबल अजून आलुबुखारचं.
झोपताना चोळायचं, त्यांची भाची इलिंका सांगत होती,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या पूर्ण अधिकारानं,
आणि पाय उशीवर. त्यांना सांगाल ना?
सांगते, म्हणाले.
बाटली हातात कोमट होती.

रविवारी त्या दोघी मला पुलावर घेऊन गेल्या.
लहानसाच, लोखंडी, कठड्याला फुलांच्या कुंड्या.
यावर कुणी खोटं बोललं, इलिंका हसत म्हणाली,
की पूल कण्हतो, आणि कोसळतो.
वेतुरियाबाई मधोमध थांबल्या,
हाताची घडी घातली, काहीतरी म्हणाल्या.
इलिंकानं भाषांतर केलं:
उद्या सूप करतेय. बालचांद्रू येतील ना जेवायला?

खालून एक दुधाची गाडी गेली.
पूल मजबूत होता, मी बघून घेतलं होतं.
तरी म्हणाले, कुणी येणार नाहीये.
कुणी नाहीच. कधी नव्हतंच.
इलिंकाला शब्द जुळवायला वेळ लागला
आणि तोवर वेतुरियाबाई मान हलवत होत्या.
माहितेय. बेसिनमधे रोज एकच कप असतो.

मग मलम?

त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं.
चढावर दर पाचव्या पायरीला थांबून
तू फोटो काढतेस.
कोऱ्या भिंतींचे.

हसू आलं, आणि हसताना कठडा धरावा लागला.

त्या रात्री दिवा घालवून मलम चोळलं.
वास थोडा मातीचा, थोडा कापराचा.
गुडघ्याला बाशिंग बांधून कधी बसले नाही मी,
आई म्हणायची, हिचे गुडघेच वेगळे.
आता त्यावर वेतुरियाबाईंचं लोकरी फडकं,
लाल किनारीचं, नीट दोन गाठी मारलेलं.
समोरच्या छपराच्या पापण्या
होत्या तितक्याच उघड्या.

सूप आंबट होतं. दोनदा घेतलं.

निघताना नेलूनं पिशवीत पुन्हा दोन कडी घातली.
त्याला अजून कुणी सांगितलं नसावं,
किंवा सांगितलं असावं.
मी विचारलं नाही.
स्टेशनपर्यंत पायऱ्या नव्हत्या, तरी कॉर्नेलच्या
एका फुलीपाशी बसले,
आणि दुसरं कडंही, सावकाश,
माझं म्हणून खाल्लं.