कोपराने पाहिलेलं पाणी

गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात
ड्रुसिला पेनी म्हाताऱ्यांच्या पायांची नखं काढायची.
न्यूफाउंडलंडच्या त्या खडकाळ टोकाला
डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीनं येई,
तोही समुद्राची मर्जी असली तर.
जन्मभर रबरी बुटांत भिजलेली माणसं ती;
स्वतःच्या अंगठ्यापर्यंत पोचायच्या आधीच
त्यांची कंबर हात टेकायची.

मी नऊ वर्षांचा. माझ्याकडे पाणी.
स्टोव्हवरची बादली उचलायची, टबात ओतायची,
पुन्हा बर्फ तुडवत विहिरीवर जायचं.
‘हातानं बघू नकोस,’ ती म्हणे,
‘थंडीनं मेलेला हात खोटं सांगतो.
कोपर बुडव. तान्ह्याचं पाणी बघतात तसं.’

आणि नखं तरी कसली!
पिवळी, शिंगासारखी, शिंपल्यागत आत वळलेली.
हेझेकाया ब्लेकचं नख तुटलं
की टणकन स्टोव्हच्या नळीवर आदळे,
बाकावरचे सगळे हसत, तो स्वतःही.
ड्रुसिला हसत नसे.
गुडघ्यांखाली बटाट्याचं रिकामं पोतं,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
प्रार्थना करत नाहीस का, असं मी एकदा विचारलं.
‘अरे, वाकलेय ना मी,’ म्हणाली.

शहरातून नवे पाळक आले.
त्यांना दारावर पाटी लावायची होती,
सुंदर अक्षरांत, वचनासकट.
‘खिळे आणलेत?’ तिनं विचारलं.
‘मग आधी छपराला ठोका. तिकडे गळतंय.’

ओबडाया टक आला तो मार्चमध्ये.
अकरा वर्षं तो चर्चची पायरी चढला नव्हता.
अकरा वर्षांपूर्वी धुक्यात
गिडियन पेनी आणि तो एकाच होडीतून गेले होते,
परत एकटा ओबडाया आला.
गावानं त्याला काही विचारलं नाही.
गावानं त्याला काहीच विचारलं नाही, कधीच.

बाकावरचं बोलणं थांबलं.
तो दारात उभा, टोपीवरून पाणी गळतंय.
ड्रुसिलानं मान वर केली.
‘बूट काढ. फरशी भिजतेय.’

मोज्याला भोक होतं. अंगठ्याचं नख मांसात घुसलेलं,
कडेनं काळं पडलेलं.
मी तीनदा पाणी बदललं.
दिवा लागायची वेळ झाली, माणसं उठून गेली,
ती अजून वाकलेलीच,
पाव इंच कापावं, थांबावं, पुन्हा भिजवावं.
त्याच्या मांडीवरची मूठ मिटलेली होती.
शेवटी तो म्हणाला,
‘तू मला काही विचारणार नाहीस?’
‘विचारलं की मघाशी.
दुखतंय का म्हणून.’

मग तो रडला का, ते मला ठाऊक नाही.
मला बाहेर पाठवलं होतं, पाण्याला.

पण पुढच्या गुरुवारी
कात्रीला धार लावलेली होती.
त्याच्या पुढच्याही.
कापडात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवलेली असे,
आणि बर्फात बुटांचे ठसे,
येणारे आणि लगेच जाणारे.
तो आत क्वचितच बसला.
मोजा मात्र ती रफू करून पाठवून देई,
करड्या मोज्याला निळा दोरा; जो हाताशी होता तो.

आता मी मोठ्या शहरात राहतो,
चर्चला जातो, न जातो.
पण त्या रात्रीचं वाचन लागलं,
प्रभू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला,
गंगाळात पाणी ओतलं,
की माझं लक्ष पुढे सरकतच नाही.
ओतलं त्यानं, एवढं लिहिलंय.
विहिरीवरून ते कुणी आणलं?
चूल कुणी पेटवली, वर माडीवर कुणी चढवलं?
असेल एखादं पोर, जिन्यात उभं,
तळहातावर कडीचा लाल वळ.
आतले आवाज त्याला नीट ऐकू येत नसतील.
बाही वर सरकवून
ते कोपर बुडवत असेल.