सगळे जोड पाठीमागं

वहीच्या पानावर ढोमण्या सपाट होता.
पोट गोल, शिंग एक, पायांत लाल गमबूट,
डोळे दोन आणि कपाळावर एक राखीव.
खाली हिरव्या स्केचपेननं:
हाच पाहिजे. कैवल्य खैरनार. वय सहा होणार.

आई म्हणाली, कार्टूनमधला नाही हो, याचाच आहे,
गच्चीवर टाकीशेजारी राहतो म्हणे.
अडीच किलो, अंड्याविना, रविवारी पाचला.

मी विचारलं, पाठीमागून कसा दिसतो?
फोन कैवल्यकडं गेला.
बराच वेळ नुसता त्यांच्या घरातला पंखा ऐकू आला.
मग, "माहीत नाही. तो कधी वळतच नाही."

चित्राला पाठ नसली तरी चालतं.
केकला लागते.

शिवदास सातपूरला लेथवर असतो.
त्यानं प्लायवुडचा पाट आणला,
मधोमध बारा एमएमचा स्टड, वर-खाली नट आणि वॉशर.
"पाया हलला की माल रिजेक्ट," म्हणाला,
आणि दोन्ही हातांनी हलवून बघितला.
मी फॉइल गुंडाळली, थरावर थर ओवले,
मग सुरीनं उतरवत गेले.
पोट म्हणजे काय,
नको ते काढल्यावर राहतं ते.
काढलेलं सगळं शिवदासनं चहात बुडवून खाल्लं.

डोकं केकचं केलं तर मान बसते.
म्हणून चुरमुऱ्यांचं,
लाडू वळतात तसं, हात ओला करून, चटका सोसत.

फाँडंट दिसायला कणीक, स्वभावानं नाही.
सिडकोतल्या मार्चमध्ये उघडं ठेवलं की सुकतं,
फ्रीजमध्ये ठेवलं की बाहेर आल्यावर घाम फुटतो त्याला.
रात्री दीडला पंखा बंद, खिडकी बंद,
निळी पोळी लाटून दोन्ही हातांवर झेलली
आणि ढोमण्याच्या अंगावर सोडली.
पुढून गुळगुळीत बसली.
मागं मानेपासून कमरेपर्यंत तडकली.

क्लासच्या बाई सांगायच्या,
सगळे जोड पाठीमागं घ्यायचे, तिकडं कोण बघतंय.
खरं आहे. आमची खोलीही
पाहुणे बसतात तिथून दिसेल तेवढीच आवरलेली असते.
साखरेचं पाणी, चमच्याची पाठ, अंगठा.
भेग मिटली. वळ राहिला.
कापडाच्या शिवणीसारखा, लांब, जरासा तिरका.

चारला रिक्षा.
पाट मांडीवर, गमबूट पोटाला टेकलेले.
"काका, स्पीडब्रेकर उतरवून घ्या, चढवू नका."
एबीबी सर्कलला सिग्नल लागला
तेव्हा शेजारच्या बसमधली बाई
ढोमण्याकडं बघून हसली
आणि मला वाटलं, त्यानं राखीव डोळा मिटला.
ऊन होतं. पापणी जरा सैल पडली होती, इतकंच.

महात्मानगरच्या हॉलमध्ये सगळे पुढून फोटो काढत होते.
कैवल्य टेबलाला वळसा घालून मागं गेला.
मी पैसे मोजायची थांबले.

त्यानं बोट वळावरून खालपर्यंत नेलं,
टेकवलं नाही, फक्त नेलं.
"इथं लागलं होतं का त्याला?"
हो, म्हणाले.
"म्हणून वळत नव्हता."

मग सुरी आली, गाणं झालं, फुगे फुटले,
आणि मुलगा कापू देईना.
आईनं समजावलं, आजोबांनी पन्नासाची नोट दाखवली,
काकांनी "मी कापतो" म्हणून सुरी घेतली
तसा तो रडायच्या बेतात आला.
शेवटी त्यानंच तोड काढली.
"मागून कापा.
हळू. त्याला कळायला नको."

मी निघाले तेव्हा
ढोमण्या दाराकडं तोंड करून उभा होता, हसत,
आणि पाठीमागं बशा फिरत होत्या.

खैरनार बाई, एवढं लक्षात असू द्या.
पाट आणि स्टड धुऊन परत द्यायचा आहे.
दोनशे रुपये डिपॉझिट धरलंय.