डोळा काढू नको

नाथबाबा, खरसुंडीच्या पायरीवरनं न्हाई,
मिरजेच्या दवाखान्यातनं बोलतीया.
तिसरा मजला, काचेचं दार,
चपला बाहेर काढा अशी पाटी.
माझी एक चप्पल कालच कुणीतरी नेली.
एकच नेली. तिचं तो काय करणार, सांग.
राहिलेली मी पिशवीत घातलीया,
टाकवत न्हाई.

आत माझा रेवण हाय.
नाव तुमच्याच भावकीतलं ठेवलं.
बारशाला पेढं नव्हतं, गूळ वाटला,
त्याचा राग इतक्या वर्षांनी काढायचा असतो का?

एकोणीस वरसाचा.
कोईमतूरला गलाईच्या दुकानात दीड वरीस.
दहा बाय आठची खोली, तिथंच भट्टी, तिथंच वळकटी.
तेजाबाच्या धुराला खिडकी सापडली न्हाई
म्हणून तो ह्याच्या छातीत राहायला गेला.
फोनवर खोकायचा
आन म्हणायचा, "रेंज न्हाई आई, आवाज फाटतोय."

डॉक्टर बी पोरगेलाच.
कागदावर फुप्फुसं काढून दाखवली,
मला ती उभ्या चिरलेल्या वांग्यावाणी दिसली.
मान हलवली. सही केली.
नाव लिहिलं, आडनावाला हात अडला.

शेजारी जतची मलव्वा. तिचा नवरा आत.
दुपारी चार्जिंगच्या पिनीवरनं आमचं भांडण झालं,
ती कानडीत, मी माणदेशीत, कुणीच हरलं न्हाई.
रात्री तिनं न बोलता माझ्या मांडीवर
अर्धी भाकरी ठेवली, वर शेंगाचटणी.
ही तुझी करणी असंल तर मला भाकरी नको होती,
पोरगं पायजे होतं.
खाल्ली मी. खोटं का बोलू.

नवस बोलाया बोकड न्हाई.
केस हायत, ते बी विरळ.
सासनकाठीचा मान आमच्या घराला कधीच नव्हता.
मघाशी मोठ्यांदा हाक मारली तर वॉचमन धावला,
"मावशी, सायलेंट झोन हाय."
चैतात हजार गळ्यांनी चांगभलं उठतं
तवा तुला ऐकू येत असंलच.
एकटीचं, तोंडाला पदर लावून म्हटलेलं,
येतं का?

गेल्या दिवाळीत रेवण चुलीपुढं बसून सांगत हुता.
मुशीत सोनं टाकलं की डोळा काढायचा नसतो.
आधी ते काळवंडतं, मग उकळतं,
मग त्यावर मळाची साय धरती.
साय फाटली की आत लख्ख डोळा उघडल्यागत दिसतं.
तेवढ्यात उचलायचं.
मालक चहाला जाऊ दे, लघवीला लागू दे,
जागचं हलायचं न्हाई.
"आई, मी आजवर कुणाचं गुंजभर जाळलं न्हाई."

ऐकलंस?
परक्याच्या सोन्यासाठी पोर असं बसायचं,
पापण्या भाजून घेऊन.
आन हे तर तुझंच हाय.

आग का लावलीस ते मागनं बघू.
खरसुंडीला येऊन पायरीवर बसून भांडीन,
गुरव हाकलंल तरी उठणार न्हाई.
आत्ता एवढंच कर,
डोळा काढू नको.
डुलकी आली तर चूळ भर.
साय फाटायची येळ तुला ठाऊक हाय,
मला न्हाई.
मला काचंतनं नुसती हिरवी रेघ दिसती,
वर जाती, खाली येती,
तिच्यासंगट मी बी.

पावणेपाचला दार उघडलं.
"रेवणचं कोण हाय?"
मी म्हणायला गेले
आन तोंडातनं चांगभलं निघालं.
मलव्वानं माझी पिशवी धरली.
सिस्टर थांबली, खाली बघत म्हणाली,
"चप्पल काढून या."
म्हटलं, न्हाई ती.
तशीच आत गेले.