पाचशेपैकी दोनशे बारा

खोकं उघडलं की आधी वास येतो,
रेझिनचा, थोडा दातांच्या दवाखान्यासारखा.
मग फोमच्या कुशीतून फालो निघतो:
हातात दिवे लावायची काठी, एक पाय हवेत,
निळा कोट वाऱ्यावर.
वारा अर्थात साच्यातला.
सोबत प्रमाणपत्र. पाचशेपैकी दोनशे बारा.

शार्लरवाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
गावाबाहेर कोळशाच्या ढिगाऱ्यांवर आता झाडी आहे,
आणि इथे मी, सहा वर्षं,
तुटलेली बोटं चिकटवते, कान रंगवते,
फोनवर तेच तेच सांगते:
नाही, नवा अल्बम अजून आला नाही.
हो, येणार म्हणतात.
नाही, चित्रकार गेल्यावर पुढे कोण काढणार ते ठरलेलं नाही.
हो, मूळ पानाचा लिलाव झाला.
आकडा ऐकून पलीकडचा माणूस गप्प होतो,
मग हळूच विचारतो, "कुठलं पान?"

फालोचे भक्त डोळ्यांत तेल घालून वाचतात.
दिवेवाल्याचेच भक्त; शोभतं त्यांना.
तिसऱ्या अल्बमात, सतराव्या पानापासून
कोटाचा निळा बदलतो.
त्यावर वाद आहेत, तट आहेत, अबोले आहेत.
मोन्सचे एक निवृत्त गुरुजी म्हणतात,
तिथेच फालो मेला,
पुढचं सगळं त्याचं भूत करतं.
चाळीस पानी पुस्तिका छापलीय त्यांनी.
आम्ही विकतो. खपतेही.

गुरुवारी एक बाई आल्या.
चाकांची पिशवी, तिच्यातून डोकावणारी कांद्याची पात.
दोनशे बारापुढे उभ्या राहिल्या.
चष्मा काढला, पुसला, घातला.
म्हणाल्या, "हा निळा नव्हे."

मला हे रोज कुणीतरी सांगतं.
मी पुस्तिकेकडे हात नेला.
"मेलाबिला काही नव्हता तो," बाई म्हणाल्या,
"माझी बाटली संपली होती.
शनिवार संध्याकाळ, दुकानं बंद, सोमवारी पानं द्यायची.
मुलाच्या दप्तरातली शाई घेतली,
उरल्यासुरल्या हिरव्यात कालवली.
सोमवारी कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मग तोच धरून ठेवावा लागला, एकवीस वर्षं.
शाई मात्र दर वेळी माझ्या पैशांची."

नाव विचारलं. ज्योर्जेत पिरोत.
मी तिसरा अल्बम काढला.
मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतलं पहिलं पान.
बारीक अक्षरात बाइंडरचंसुद्धा नाव होतं.

"किती याचे?"
तीनशे चाळीस युरो, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
ओठ हलवत फ्रँकांत हिशेब करू लागल्या,
इतकी पानं, इतके आठवडे,
आणि मध्येच कुठेतरी सोडून दिला.

माझ्या टेबलावर दुरुस्तीचे रंग असतात.
त्यांनी विचारलं नाही. मीही अडवलं नाही.
बशीत निळा, हिरव्याचं एक बोट,
मग ब्रश बुडवला तो कॉफीत, माझ्या.
हात कापत होता,
टेकल्यावर थांबला.
फालोच्या उचललेल्या बुटाच्या तळाला,
जिथे कुणी बघायला जात नाही,
नखाएवढा ठिपका.

"हा," म्हणाल्या,
आणि चाकं वाजवत ट्रामकडे गेल्या.

मालकांनी संध्याकाळी पाहिलं.
यादीत लिहिलं: दोनशे बारा, तळाला डाग, वीस टक्के सूट.
मीच घेतला. चार हप्त्यांत, पगारातून कापून.

मोन्सच्या गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.
परवा त्यांचाच फोन होता.
पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतायत,
काही नवीन कळलं का?
फालो माझ्या मांडीवर उताणा होता.
म्हटलं, थांबा हं गुरुजी,
जरा दिवा लावते.