चावीवाला

चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात होतो.
ऑफिसात नाही, रस्त्यावर.
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी,
पहाटे चारला भवानी पेठ, सव्वापाचला गंज पेठ.
झाकण उचलायचं, चिखलात गुडघा टेकायचा, आटे मोजायचे.
बावीस. तेविसावा दिला
की खालच्या अंगाचे नळ कोरडे.

बोधनकर मॅडमनी पडद्यावर यकृत दाखवलं.
कौसल्या म्हणाली, "म्हणजे काळीजच ना?"
त्या म्हणाल्या, हो, तेच.
धाकटा भाऊ गेला तेव्हा आई म्हणायची, काळजाला घरं पडली रे.
मला वाटायचं, बोलायची रीत.
इथे घरं मोजलेली होती. सहा.
पाच उजव्या अंगाला, एक आडोशाला.

आतडं मागच्या दिवाळीत कापलं, वीतभर.
मग हातातल्या सुईतून बारा वेळा औषध,
एका गल्लीसाठी सगळ्या शहराला सोडल्यासारखं.
जिभेची चव गेली. आणि बोटं!
जन्मभर पाण्यात असलेली ही बोटं
नळाखाली धरली की काचा टोचायच्या.
कौसल्या भांडी घासायची, मी लांबून
पाण्याचा आवाज ऐकायचो.

"आता थेट तिथेच सोडू," मॅडम म्हणाल्या.
"मांडीतून शेवईएवढी नळी वर न्यायची.
झाडासारख्या फांद्या दिसतात बघा."
मला झाड दिसलं नाही.
मला मेन लाइन दिसली, तिचे फाटे, वळणं.
"ही कुठे जाते?"
"जठराकडे. तिला आधी बूच मारू."
"बरोबर," म्हटलं, "नाहीतर पाणी तिकडेच पळतं."
त्या हसल्या नाहीत. पेन माझ्या हातात दिलं.

टेबल गार. मी जागा.
रंग सोडला तेव्हा पोटात ऊन उतरलं.
मग मणी, मोहरीची कणी करावी त्याहून बारीक,
औषध प्यायलेले. जाऊन दारातच बसतात,
आत औषध झिरपू देतात, बाहेरचा पुरवठा तोडतात.

पुरवठा मीही तोडलाय.
थकबाकीची यादी घेऊन, लोहियानगरात.
एक बाई बादली घेऊन उभी होती, काही बोलली नाही.
तिच्यासाठी दोन आटे मोकळे ठेवले,
वहीत 'बंद' लिहिलं.
त्या टेबलावर तीच आठवली.
डोळे मिटून मॅडमना मनात म्हणालो,
इथे दया नको. अर्धा आटासुद्धा नको.

सहा तास पाय सरळ. मांडीवर वाळूची पिशवी.
रात्री उजव्या बरगडीखाली कुणीतरी
दगड फोडत बसलेलं.
नर्स म्हणाली, दुखणारच, काका.
कौसल्या खाली सतरंजीवर, चष्मा न काढताच झोपलेली.

चारच्या सुमाराला बाथरूममधला उघडा राहिलेला नळ खोकला.
आधी हवा येते. मग गढूळ थोडं.
म्हणजे कुठल्यातरी चौकात एक पोरगा
गुडघा टेकून बसलाय.
घाई करू नकोस, बाबा.
सतरा.
अठरा.